गिळलेला घोट

आदरणीय अध्यक्ष बातिस्तां काब्रोल, व्यासपीठावरच्या महापौरबाई, आपल्या वाइन सोसायटीचे सभासद, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती फुल्क्रां, आणि मागे आत्तापासूनच ऑलिव्हवर ताव मारणाऱ्या मंडळींनो,

मी ऑनोरीन, टेकडीवरच्या कारिन्यां द्राक्षांच्या जुन्या मळ्याची मालकीण. अध्यक्षांनी मला दोन मिनिटं दिलीत. बातिस्तां, घड्याळ खिशात ठेवा. तुमची दोन मिनिटं अर्धा तास चालली, आम्ही काही बोललो का?

आपली तांबडी, कोरडी वाइन कशी होते ते तुम्हाला मी काय सांगावं? ग्रेनाश द्राक्षाची ऊब, सिरा द्राक्षाचा रंग आणि माझ्या कारिन्यांचा खडूसपणा. ते जमवून आणायचं काम एकतीस वर्षं फुल्क्रांनी केलं. ते म्हणायचे, "गोडबोल्यांत एखादं तोंडाळ द्राक्ष हवंच." माझे यजमान गास्तों लगेच म्हणायचे, "तोंडाळ आमच्या घरीच आहे, घेऊन जा!" सगळे हसायचे. फुल्क्रां तेवढे हसायचे नाहीत.

दर फेब्रुवारीत मिश्रणाच्या दिवशी पेल्यांवर फक्त नंबर असतात. कोणाची वाइन कोणती, हे चाखणाऱ्याला कळू नये. चाखायचं आणि बादलीत थुंकायचं, गिळायचं नाही. हा नियम फुल्क्रांनीच आम्हाला शिकवला. आणि दर वर्षी चाळीस पेल्यांतला एक घोट ते गिळत आले. माझा.

गास्तोंना जाऊन अकरा वर्षं झाली. मला वाटायचं, हा लग्न न केलेला माणूस आता तरी काही बोलेल. दर मिश्रणाला मी निळा रुमाल बांधून यायचे. ते विचारायचे, "ऑनोरीन, यंदा मळ्यावर वारा फार होता का हो?" मी म्हणायचे, "होता." झालं आमचं बोलणं.

मग मनात पाल चुकचुकली. कुणी यांना माझा नंबर सांगत असेल तर? विधवेची कीव म्हणून गिळत असतील तर? म्हणून यंदा मी एक गुन्हा केला. अध्यक्षमहाराज, हे इतिवृत्तात नको. मांडणी करताना मी माझा आणि तुमचा पेला बदलला. यादीत मी बारा, तुम्ही सत्तावीस; पेल्यांत मात्र उलट.

फुल्क्रांनी बारा नंबर चाखला आणि थेट बादलीत थुंकला. बातिस्तां, वाईट वाटून घेऊ नका. मग सत्तावीस तोंडात घेतला, डोळे मिटले आणि गिळला.

तीन आठवडे झाले, मला अन्न गोड लागलेलं नाही.

मंगळवारच्या गाडीने ते कायमचे भाचीकडे, पार उत्तरेत लीलला निघालेत. तिथे ऊन नाही, द्राक्षं नाहीत, लोक बिअर पितात. सगळे म्हणाले, म्हातारपणी आपल्या माणसांत जावं. मीही म्हणाले. खोटं बोलले. फुल्क्रां, मला तुम्ही इथे हवे आहात.

सोसायटीचे, महापौरबाईंचे आणि बातिस्तांच्या संयमाचे मनापासून आभार. बोलताना मर्यादा सुटली असेल, तर ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. पण अकरा वर्षं बोलले नाही, ती चूक फुल्क्रां, तुम्ही पोटात घाला. रविवारी माझ्या मळ्यात छाटणी आहे. कात्र्या दोन काढून ठेवल्यात.