जेमतेम दिसेपर्यंत

(रविवार, दुपारचे तीन. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर व्हिडिओ गेम चालू, कंट्रोलर दादाच्या हातात. समोर दादा आणि त्याची धाकटी बहीण ठमी.)

ठमी : पडलास.

दादा : मी पडलो नाही. पुलाने पाडलं मला.

ठमी : हो तर. पूल दबा धरूनच बसला होता. दादा, पाचव्यांदा पडलायस. एकच पूल, एकच तुटकी फळी. खाली नदीतले मासे आता तुला नावाने ओळखत असतील.

दादा : फळी तुटलीय हे दिसायला नको? धुकं, धुकं आणि त्यावर आणखी धुकं! आणि याला म्हणे ग्राफिक्स.

ठमी : याच ग्राफिक्ससाठी तू टीव्ही बदललास. दुकानदाराला काय म्हणाला होतास? "खेळातल्या त्या शिकारणीच्या अंगरख्याची वीण मोजता आली पाहिजे."

दादा : तेव्हा येत होती. मग अपडेट आलं आणि कंपनीने सगळ्याची माती केली. खेळाचा पहिला भाग काय होता! झाडाचं पान न् पान वेगळं दिसायचं. हा दुसरा भाग म्हणजे दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखा.

ठमी : चित्र जरा पांढरट आहे खरं. पण मला इथून शिकारणीच्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा दिसतेय.

दादा : तुझं काय सांगतेस? छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार मिळतो तुला.

ठमी : एक रंग केसभर सरकला तर अख्खी छपाई रद्दीत जाते, म्हणून शोधते. तुझं बरंय. चाळीस मीटर उंचावर क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की चुका बारीक दिसत असतील.

दादा : टॉवर क्रेनला काळीज लागतं बाईसाहेब. शाईत बोटं बरबटून घेण्याइतकं सोपं नाही ते.

ठमी : आण तो कंट्रोलर इकडे. काळीज बघू तुझं. आणि थांब, चालू आहे ना हा? तुझ्या हातचा कंट्रोलर आधी तपासून घ्यावा लागतो.

दादा : झाली सुरुवात. किती वर्षं झाली त्या गोष्टीला!

ठमी : लहानपणी दोन वर्षं तू मला जो कंट्रोलर दिलास, त्याची वायर कपाटामागे कुठेच लावलेली नव्हती. जीव तोडून बटणं दाबायचे मी. बोटांना घट्टे पडले होते.

दादा : पण खूश होतीस की नाही?

ठमी : होते ना. रोज जिंकत होते. बरं, लेव्हल कुठली लावलीयस?

दादा : निर्दय.

ठमी : खरंच?

दादा : सगळ्यात वरची. साइटवर विचार कुणालाही. सोपी-मध्यम असल्या लेव्हली पोराटोरांसाठी.

ठमी : मेनू उघडते हं.

दादा : मेनू-बिनू कशाला? ठमे! दे बघू इकडे!

ठमी : निर्दय... नाही. कठीण... नाही. मध्यम... नाही. सोपी... अरेरे, सोपीपण नाही. सोपीच्याही खाली काही असतं हे मला आज कळलं. "गोष्ट. ज्यांना फक्त कथेचा आनंद घ्यायचा आहे त्यांच्यासाठी."

दादा : अपडेटमध्ये आपोआप झालं असेल.

ठमी : बिचारं अपडेट. उद्या तुला टक्कल पडलं तरी खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार. मघाशी तो भालेवाला तुला बघून जांभई देत होता, तेव्हाच शंका आली मला.

दादा : जांभई नव्हती ती. गर्जना होती.

ठमी : पण या लेव्हलला कुणाच्या हातून मरताच येत नाही. मग तू मरतोस कसा?

दादा : तेच तर सांगतोय! कुणाच्या बापाने मला मारलेलं नाही. मी पुलावरून पडतोय.

ठमी : म्हणजे लेव्हल कितीही खाली आण, तुटक्या फळीची जागा रिकामी ती रिकामीच.

दादा : हाच मूर्खपणा आहे यांचा. शत्रू सोपे करता, मग दरी का भरत नाही?

ठमी : लिही कंपनीला. दोन ट्रक मुरूम टाका म्हणावं. थांब, ब्राइटनेस बघू दे... अगं आई! शंभरपैकी शंभर? म्हणून हे सगळं चुना फासल्यासारखं दिसतंय. कुणी केलं हे?

दादा : अप...

ठमी : अपडेटचं नाव काढलंस तर टीव्ही बंद करीन. नव्याने लावू. हे बघ, काळ्या पडद्यावर तीन चिन्हं आहेत. "डावीकडचं दिसता कामा नये, मधलं जेमतेम दिसलं पाहिजे, उजवीकडचं स्पष्ट दिसलं पाहिजे." मी शून्यापासून वर नेते. मधलं जेमतेम दिसलं की थांब म्हण.

दादा : ने.

ठमी : वीस. तीस. चाळीस.

दादा : ने, ने.

ठमी : मला दिसायला लागलं.

दादा : तुझं तुझ्याकडे ठेव. ने पुढे.

ठमी : साठ. सत्तर. दादा, आता डावीकडचंही दिसतंय. ऐंशी. नव्वद.

दादा : थांब! हां. आता जेमतेम.

ठमी : कसलं चिन्ह आहे मधलं?

दादा : घुबड.

ठमी : नीट बघ.

दादा : अगं घुबडच. पहिल्या भागापासून घुबडच असतं तिथे.

ठमी : पहिल्या भागात होतं. या भागात कासव आहे.

दादा : कासवच म्हणत होतो मी. गोलसर काहीतरी.

ठमी : हो. घुबड म्हणजे उडणारं कासवच की.

वहिनी : काय चाललंय? गच्चीपर्यंत आवाज येतोय तुमचा. आणि अहो, एका पायात निळा मोजा, एका पायात काळा, ही कुठली फॅशन?

दादा : घरातच आहे ना मी?

वहिनी : काल कामावरही असेच गेला होतात. मी आपली गप्प बसले. म्हटलं, केबिनमध्ये एवढ्या उंचावर येऊन बघणार कोण?

ठमी : वहिनी, जिन्याच्या पायऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या कधी चिकटवल्यास?

वहिनी : झाला महिना. माझा पाय घसरतो.

दादा : कसल्या पट्ट्या?

वहिनी : काही नाही. मी आणि पायऱ्या बघून घेऊ आमचं आम्ही. तुम्ही खेळा. चादरी वाळत घालून येते वर.

ठमी : दादा, महिनाभर त्या जिन्यावरून चढ-उतर करतोयस ना?

दादा : पायऱ्या मोजत नाही मी. खेळ लाव.

ठमी : लावते. आधी हे सांग, माझ्याकडून तक्ता कशाला मागवलास?

दादा : कसला तक्ता?

ठमी : डोळे तपासायचा. "तुमच्या प्रेसमध्ये छापतात ना, येताना एक आण. पोरीला शाळेच्या प्रकल्पाला हवाय."

दादा : मग? हवाय तिला.

ठमी : तुझी पोरगी कॉलेजात शिकते. दुसऱ्या गावात. शाळेचा प्रकल्प काय तिचा बाप करणारे?

दादा : तू तक्ता आणायला आलीस का उलटतपासणी करायला?

ठमी : आणलाय ना. आल्या आल्या त्या समोरच्या दारावर लावलाय. तास झाला.

दादा : बघितला मी. न बघायला काय झालं?

ठमी : मग वाच. उद्या साइटवर वार्षिक तपासणी आहे तुझी. फ्रिजवर तूच कागद चिकटवलायस, वीतभर अक्षरांत.

दादा : हे घे, बसल्या जागेवरून वाचतो. खालच्या तीन ओळी, सगळ्यात बारीक. न, त, र, ग. प, ल, स, ट, म. य, क, ड, ब, न, व. झालं समाधान?

ठमी : वा. कुठे अडखळला नाहीस की थांबला नाहीस.

दादा : मग!

ठमी : एकही अक्षर बरोबर नाही.

दादा : काहीतरीच काय! गेल्या वर्षी हेच होतं.

ठमी : गेल्या वर्षी हेच होतं. आम्ही तीन वेगवेगळे तक्ते छापतो, दादा. का माहितीय? लोक पाठ करून येतात म्हणून. गठ्ठे बांधताना मीच हसायचे, कोण असेल बाई असला विद्वान. आमच्याच घरात निघाला.

दादा : हळू बोल. वर आहे ती.

ठमी : कधीपासून दिसत नाहीये तुला?

दादा : दिसतं गं. न दिसायला आंधळा आहे का मी? फक्त मळकट काचेतून बघितल्यासारखं. ऊन असलं की जास्तच. गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झालं.

ठमी : आणि तू डॉक्टर सोडून ब्राइटनेस वाढवत बसलास.

दादा : डॉक्टरकडे गेलो की कागदावर येतं. कागदावर आलं की वरून खाली उतरवतात. बावीस वर्षं वर बसलोय मी, ठमे. खाली काय करू? गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं लिहू? तीही दिसायची नाहीत.

ठमी : मग काम कसं करतोस?

दादा : खाली सिग्नलवाला असतो ना. वॉकीटॉकीवर सांगतो. "डावीकडे, अजून थोडं, अजून, बस, सोड." पोरगा हुशार आहे. त्याचा आवाज ऐकायचा आणि हात चालवायचा. हूक कुठे आहे हे बघायचीही गरज नाही.

ठमी : म्हणजे वर बसतोस तू, बटणं दाबतोस तू, आणि खेळतो तो. तुझ्याही कंट्रोलरला वायर नाही, दादा.

दादा : टोमणे नकोत. मंगळवारी जरा चुकलं, एवढंच.

ठमी : मंगळवारी काय चुकलं?

दादा : काही नाही. सळ्यांचा गठ्ठा हातभर बाजूला उतरला. वारा होता.

ठमी : कुणाच्या बाजूला?

दादा : त्याच पोराच्या. पण लागलं नाही ना कुणाला! वर बघून हसला तो. म्हणजे हसला असणार.

ठमी : दिसला नाही तुला.

दादा : वॉकीटॉकीवर हसल्यासारखा आवाज आला. हे बघ, पटत नसेल तर इथेच करून दाखवतो. तोच पूल घे. तू बोल, मी चालतो. साइटवर करतो तसंच.

ठमी : चल. सरळ. अजून सरळ. थोडं उजवीकडे. थांब. आता उडी.

दादा : गेली? गेली ना पलीकडे? बघितलंस! पाच वेळा पडलो ते उगाच. नीट सांगणारा असला की झालं!

ठमी : झकास. परत एकदा कर.

दादा : दहा वेळा करतो. सांग.

ठमी : सरळ. अजून सरळ. थोडं उजवीकडे.

दादा : मग? ... ठमे? थांबू का पुढे जाऊ? ठमे, बोल ना! अगं, बोल!

ठमी : पडलास.

दादा : तू बोललीच नाहीस!

ठमी : शिंक आली.

दादा : खोटं. शिंकली-बिंकली नाहीस तू.

ठमी : नाही शिंकले. पण तो पोरगा कधीतरी शिंकेल. त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी संपेल. त्याला घरून फोन येईल. इथे तुझी शिकारीण बघ, उभी राहिलीसुद्धा पुलाच्या तोंडाशी, केस विंचरून. त्या पोराला कुणी असं उभं करणार नाही. मला भीती वाटते रे, दादा. तुझ्यासाठी वाटते, आणि ज्याला मी कधी बघितलंही नाही त्या पोरासाठी वाटते.

दादा : रोज खालून हात हलवतो तो, कामावर आला की. आधी दिसायचा. पिवळं हेल्मेट, इवलासा हात. आता सगळ्यांना उद्देशून मीच हात हलवून ठेवतो.

ठमी : हे घे.

दादा : काय आहे हे?

ठमी : उरलेले दोन तक्ते. तिन्ही आणलेत मी. अशी बहीण शोधून सापडायची नाही तुला. संध्याकाळपर्यंत पाठ होतील, तुझं पाठांतर चांगलंय. उद्या तिन्हीतला कुठलाही लावू देत, तू पास. ही खरी "गोष्ट" लेव्हल. वाचू पहिली ओळ?

दादा : वाच.

ठमी : म. त्याच्यापुढे क...

दादा : थांब.

ठमी : पुढे आहे अजून.

दादा : थांब म्हटलं ना. गुंडाळून ठेव ते.

ठमी : तिन्ही?

दादा : तिन्ही. दारावरचाही काढ. आणि उद्या तुझी सुट्टी आहे का? तपासणीच्या आधी खऱ्या डॉक्टरकडे जाऊन येऊ म्हणतो. रिक्षाचा नंबर वगैरे वाचायला कुणीतरी लागेल.

ठमी : सुट्टी टाकते. डॉक्टरला मात्र अपडेटबद्दल काही सांगू नकोस.

दादा : ठमे, त्या जिन्यावरच्या पट्ट्या...

ठमी : त्यांचं काय?

दादा : दिसतात मला. महिनाभर तेवढ्याच नीट दिसतायत. वहिनीला हाक मार तुझ्या.