चंदूची गाडी

बोरिवलीला रॉकेलच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या सोसायटीच्या आवारात बापलेक बरीच वर्षं झाकून ठेवलेली मोटार उघडून बोलत होते.

“बाबा, किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टकटक वाजायला हवा. हा गप्पच आहे.”

“बॅटरी बघ, मालन.”

“नवीन आहे. दिवे लागलेत ना! पंपातले पॉइंट चिकटले असणार. पान्याने जरा ठोकते.”

“हळू गं! चंदूची गाडी आहे.”

“वाजला! ऐकलंत? आता इंजिनपण चालू झालं! आईला हिच्यातूनच दवाखान्यात नेते. रिक्षाच्या धक्क्यांनी रडते ती.”

“बंद कर. चंदू मस्कतहून आला की काढेल.”

“दादा येणार नाही, बाबा. काल फोनवर तुम्हालाच म्हणाला ना?”

“म्हणून काय तू चालवणार?”