आबांनी विमान उतरवलं

तुम्हाला पटायचं नाही, पण आमच्या सोनईच्या सुभाषनं, माझ्या चुलतभावानं, ट्रॅक्टरच्या पैशात पाण्याच्या जोरावर माणूस उडवणारा जेटपॅक आणला. पाठीला बांधून शेततळ्यात उतरला अन् गडी थेट लिंबाच्या शेंड्याएवढा वर गेला! तेवढ्यात त्याचे वडील, आबा, ओरडत पळत आले. मला वाटलं, पोराच्या जिवाला घाबरले.

"आरं, पानी बांधापल्याड चाललंय!" म्हणत त्यांनी काठावरचं पंपाचं मशीनच बंद केलं. सुभाष धप्पकन तळ्यात! आम्ही दोर टाकून त्याला ओढतोय, तर बांधाच्या भांडणापायी आबांशी कित्येक वर्षं न बोललेला शेजारचा नाना बांधापल्याड फावड्यावर रेलून म्हणतो कसा, "आबा, उडू द्या की पोराला. कांद्याचे दोन वाफे भिजायचे ऱ्हायलेत!"