शालूचा टाक

माझा जन्म तिगावचा, स्टेशनापासून पायी गेलं तर वीस मिनिटांत आमचा संत्र्याचा बगीचा लागते, तिथं मी लहानाचा मोठा झालो, मास्तर झालो सौंसरले, अन् घर बांधलं पांढुर्ण्यात, म्हणजे तिन्ही गावांचा आहे अन् एकाही गावात फारसा बोलत नाही. शाळेतली पोट्टी मागून मले मुका मास्तर म्हणतात, माहीत आहे मले. गणित शिकवतो, गणिताले जास्त बोलणं लागत नाही. तुम्ही लिहून घेतो म्हणाले म्हणून बसलो भाऊ, नाही तर हे माझ्या तोंडातून निघालं नसतं, अन् आता जे निघंल ते जसंच्या तसं लिहा, गोड करू नका.

शालू माझी पहिली बायको, रामाकोन्याची. बम बोलकी. कोणी नसलं तर झाडांशी बोलायची, ह्या झाडाले यंदा काहून फळ नाही जी, असं झाडालेच विचारायची. आमची पल्लवी अडीच वर्षांची होती तेव्हा शालू गेली, बगीच्यातल्या विहिरीवरच्या मोटरीचा करंट लागून, तेव्हा आम्ही तिगावलेच राहत होतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत करंट उतरत होता, म्हणून बाजूले एक वाळकी बांबूची काडी ठेवली होती, काडीनं बटन दाबायचं, हात लावायचा नाही. त्या दिवशी सकाळी लोक धावत आले तर शालू चिखलात पडलेली अन् काडी पेटीले टेकून उभी. सगळे हळहळले. म्हणाले बाई घाईची होती, काडी हाताशी असून हात घातला. तेव्हापासून सोयऱ्यांत, गावात, शालूचं नाव निघालं की मागून हे येतेच, घाईची होती बिचारी. अन् मी मान हलवतो. अठ्ठावीस वर्षं मान हलवली भाऊ.

दीड वर्षानं वंदना आली. आमच्या इकडं पहिली बायको गेल्यावर दुसरी केली तर त्या दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असते, चांदीचा पातळ पत्रा, नखापेक्षा जरा मोठा, त्यावर बाईची उठवलेली आकृती, डोळे अन् हात तेवढे ओळखू येतात. तिचा मान ठेवला नाही तर ती संसारात येऊन बसते म्हणतात. वंदनानं मान ठेवला. नवी साडी आली की आधी टाकाले लावते मग नेसते, जेवताना पहिला घास बाजूले काढते, म्हणते हा ताईचा. पल्लवीले तिनंच वाढवलं, पल्लवी तिले आई म्हणते अन् गेलेलीले शालूआई. पण काय सांगू तुम्हाले, वंदना वाढायले वाकली की तो टाक माझ्या ताटावर झुलते. दोन वेळा, रोज. मी खाली पाहून जेवतो, लोक म्हणतात मास्तर शांत आहे.

पल्लवी शिकली, जर्मनीत नोकरीले लागली, अन् मागच्या हिवाळ्यात म्हणाली की आईबाबा, तुम्ही दोघं या, तिकिटं मी काढते. वंदनानं शेजारणीले सांगितलं, शेजारणीनं पांढुर्ण्याले सांगितलं. रामाकोन्याचे सासरे, म्हातारे झाले आता, ते म्हणाले, जावईबापू, शालूलेही विमान दाखवा. मतलब टाक. हसून म्हणाले ते, पण मले हसू आलं नाही.

निघताना कोणी काही म्हटलं नाही, पण मधल्या विमानतळावर, जिथं विमान बदललं, तिथं पुन्हा तपासणी होती. एका पोरीनं खुणेनं वंदनाले सांगितलं, गळ्यातलं काढा. मंगळसूत्र काढलं तिनं, टाकाचा काळा धागा काढेना. म्हणे सव्वीस वर्षांत आंघोळीलेही काढला नाही, मी नाही काढत, हिले सांगा. मागं रांग थांबलेली, लोक पाहून राहिले. मी म्हणालो, दे माझ्यापाशी. तिच्या गळ्यातून मीच काढला अन् तपासणी झाल्यावर स्वेटरच्या आतल्या खिशात टाकला. पुढं तिनं मागितला तर म्हणालो, बॅगेत खाली गेला, पोहोचल्यावर देतो. पोहोचल्यावर म्हणालो, सापडून नाही राहिला, पाहतो. खोटं बोललो. मले वाटलं, पंधरा दिवस तरी ते तोंड माझ्या ताटासमोर नको. बस एवढंच वाटलं.

पहिल्या दिवशी पल्लवीनं तिकीट काढायचं यंत्र दाखवलं, ट्रामचा नंबर दाखवला, सिग्नलच्या दिव्यात लाल माणूस दिसला की थांबायचं, हिरवा दिसला की चालायचं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली अन् आम्ही दोघं निघालो. रस्त्यावर एक गाडी नाही, तरी दहा-बारा लोक लाल माणसासमोर उभे. वंदना म्हणे, हे कोणाची वाट पाहून राहिले जी? मी म्हणालो, हिरव्या माणसाची. ती म्हणे, आपल्या बसस्टँडावर असा उभा राहिला तर माणूस तिथंच म्हातारा होईल. साडीवर पल्लवीचा लांब कोट, पायात जाड मोजे, ट्राममध्ये दिसंल त्याले मान लववून नमस्कार. हसले काही लोक, चांगलं हसले. मग बोलणं बंद. एवढी माणसं अन् आवाज नाही, झाडाले पान नाही, भर दुपारी उन्हाचा पत्ता नाही. वंदना माझ्या कानाशी म्हणे, गाव मेलं का काय?

बाजाराच्या दुकानाले सरकतं काचेचं दार होतं. माणूस समोर आला की आपोआप उघडते, गेला की बंद होते. आम्ही दोघं आत गेलो, दार बंद झालं. अन् चार पावलं गेलो तर मागं परत उघडलं. मी वळून पाहिलं, कोणी नाही. थंड हवा तेवढी आत आली. मग बंद झालं. मले वाटलं, यंत्र आहे, होत असंल. बाहेर निघतानाही तेच. आम्ही निघालो, बंद झालं, मग उघडलं, जसं कोणी जरा मागून येऊन राहिलं.

तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये एक म्हातारी बसली होती, बाजूच्या अन् समोरच्या जागांवर तिच्या थैल्या. आम्हाले पाहून तिनं एक थैली उचलली, वंदना बसली. दुसरी उचलली, मी बसलो. मग तिनं तिसरीही उचलून मांडीवर घेतली, रिकाम्या जागेकडं पाहून हसली अन् हातानं दाखवलं, बसा. पुढं ट्राम भरली, लोक दांड्याले धरून उभे राहिले, पण त्या जागेवर कोणी बसलं नाही. वंदना खिडकीबाहेर पाहत होती. मी त्या जागेकडं पाहत होतो. भाऊ, मी गणिताचा माणूस आहे, मी भुताखेताचं कधी बोललो नाही, आताही बोलून नाही राहिलो. जे पाहिलं ते सांगतो.

अन् झटके. ते पहिल्याच दिवशी सुरू झाले होते. पल्लवीच्या दाराची लोखंडी मूठ धरली अन् बोटातून चटकन करंट गेला. लिफ्टचं बटन, करंट. नळ, करंट. दुकानातली ढकलायची गाडी, करंट. ठिणगीसुद्धा दिसली एकदा, निळी. मी हात मागं घेतला की वंदना तीच मूठ धरायची, तिले काहीच नाही. तीच जागा, तोच गालिचा, तिच्याही अंगात लोकर. मी खिशात हात घातला की टाक बोटाले लागायचा, थंड. चौथ्या दिवसापर्यंत असं झालं की दार दिसलं की मी थांबतो, वंदना पुढं होऊन उघडते. लिफ्टमध्ये मी दोन्ही हात काखेत दाबून उभा.

जेवताना वंदनानं पल्लवीले सांगितलं, तुझ्या बाबांले इथली लाइन झटके देऊन राहिली. पल्लवी हसली. म्हणे बाबा, ही लाइन नाही, हिवाळ्यात हवा कोरडी असते, गालिच्यावर चाललं की अंगात वीज साचते, धातूले हात लावला की निघून जाते, काही होत नाही. मी विचारलं, मग तुझ्या आईले काहून नाही होत? ती म्हणे, कोणाले जास्त होते, कोणाले कमी. मग म्हणे, मी तर विजेच्या बाबतीत सगळं दोनदा तपासते बाबा. लहानपणापासून ऐकलं ना, शालूआई घाईची होती. मी तिच्यासारखी घाई करत नाही.

सहज म्हणाली पोरगी. भाजी घेता घेता. अन् दोघी माझ्याकडं पाहून राहिल्या, कारण ह्या वाक्यावर मी मान हलवतो हे दोघींले माहीत. माझी मान हलली नाही. खिशात तो पत्रा होता ना, तो मले एवढा जड झाला की स्वेटर एकीकडं ओढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत फिरायले गेलो. येताना वंदना एका झाडाखाली वाकली, काहीतरी उचललं, कोटाले पुसलं. लिफ्टसमोर आलो. मी नेहमीसारखा मागं. तिनं माझ्यासमोर हात केला, हातात हातभर लांब वाळकी काडी. म्हणे, घ्या, ह्यानं दाबा, आपल्या शेतात नाही का दाबत? किती दिवस माझ्या मागं लपता?

मी काडी घेतली नाही. तिथंच पायरीवर खाली बसलो. बोललो भाऊ. आयुष्यात एवढा एका दमात बोललो नाही. म्हणालो, वंदना, त्या दिवशी काडी तिथं नव्हतीच. आदल्या सांजेले संत्र्याची एक फांदी फळानं वाकली होती, मीच ती काडी नेऊन फांदीले टेकू दिला. सकाळी शाळेले उशीर होत होता, मी शालूले म्हणालो, जा, मोटर लावून ये. ओरडण्याचा आवाज आला, धावत गेलो, ती पडलेली होती, हात लावून पाहिला, गेली होती. मग लोक यायच्या आधी मी फांदीखालची काडी काढली अन् पेटीजवळ आणून ठेवली. फांदी मोडली. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वंदना उभीच होती. मग तिनं विचारलं, तुम्ही विसरले होते का, काडी तिथं नाही म्हणून?

हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. हो म्हणायचं होतं, सोपं होतं. पण मी नाही म्हणालो. विसरलो नव्हतो. फटफटी चालू करताना मले फांदीखाली काडी दिसली. शालू वाटेवर होती, आवाज दिला असता तर ऐकू गेला असता. आठ दिवसांपासून ती सांगून राहिली होती, मिस्त्रीले बोलवा जी, पेटी दुरुस्त करा. आवाज दिला असता तर पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं. म्हणून चूप बसलो. वाटलं, पदर गुंडाळून दाबंल, एवढ्यात काय होते. काडी नंतर उचलली ती ह्याच भीतीनं, की लोक विचारतील.

तिनं हात पुढं केला, म्हणे टाक द्या. बॅगेत नाही हे तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खिशातून काढून दिला. मले वाटलं ती गळ्यात घालंल. तिनं धागा मोकळा केला, अन् माझी मान खाली करून माझ्या गळ्यात घातला. गाठ मारताना म्हणे, सव्वीस वर्षं मी हिले भ्यायली. माझा संसार मोडू नको म्हणून हिच्या पाया पडली. मी हिचं काय वाईट केलं होतं? आता तुम्ही घाला. अन् घास काढायचा तो तुम्ही काढा. मी बहीण म्हणून जेवू घालीन, भिऊन नाही. मग म्हणे, पोरीले मी सांगणार नाही. तुमच्या तोंडानं सांगा. एवढं बोलून तिनं लिफ्टचं बटन दाबलं.

नंतरचे दहा दिवस मले एकही झटका लागला नाही. पल्लवी म्हणे पाऊस झाला, हवा ओली झाली, म्हणून. असंल. निघायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात गेलो, खाऊ घ्यायले. आत गेलो, दार बंद झालं, अन् बंदच राहिलं. मी थांबलो. वंदना म्हणे चला ना. मी तसाच दाराकडं तोंड करून उभा होतो. खरं सांगू का, उघडावं असं वाटत होतं.

आता टाक माझ्या गळ्यात आहे, हा पाहा. शर्टाचं वरचं बटन लावतो, तरी मंडीत एकानं पाहिलाच, म्हणे मास्तर, हे बायकांचं काहून घातलं? मी म्हणालो, माझं आहे. गावात आता काही तरी बोलत असतील. बोलू द्या. वंदना माझ्याशी बोलते, पण पहिल्यासारखी हसत नाही, अन् मी काही म्हणत नाही, माझा हक्क नाही. तिगावची पेटी बदलली, ती तर तेव्हाच बदलली होती, शालू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला होता.

पल्लवीले फोनवर तीनदा सांगायले बसलो. तीनदा विचारलं, जेवली का, थंडी आहे का, अन् ठेवून दिला. दिवाळीले येऊन राहिली ती. तिले विहिरीवर नेतो, अन् तुम्ही लिहिलं ते तिथं उभा राहून माझ्या तोंडानं वाचतो, म्हणून म्हणतो अक्षर मोठं काढा, चष्मा ओला झाला की मले दिसत नाही. अन् शेवटी हे लिहा, हे मी वंदनालेही सांगितलं नाही. पल्लवी, बेटा, तुझी शालूआई घाईची नव्हती. पेटीजवळ जाऊन ती थांबली होती. काडी शोधली तिनं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग वळून माझ्याकडं पाहिलं. मी फटफटीवर वाकलो. तू कोणाचं ऐकू नको, घाई करायची तर कर, हास, बोल, झाडांशीही बोल, तिच्यासारखी बोल. माझ्याशी बोलली नाही तरी चालंल. सुखी राहा.