काठी माझी, रीळ जयरामचं

...आणि वर मलाच विचारतात, "मधुबाब, रीळ कुठाय?" अरे, रीळ असतं तर मी चोपड्याला नदीच्या काठावर नुसती काठी धरून उभा राहिलो असतो का? पण धाकूला कोण सांगणार? पुलाखाली त्याचं चहाचं दुकान, तोंड नदीकडे, आवाज पलीकडच्या शिवोलीला ऐकू जाईल एवढा. "या या, बघा, मधुबाब मासे राखतात! म्हशी परवडत नाहीत आता!"

तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. मासे धरायला शाळा लागत नाही. जन्मभर हातात दोरी, दोरीला गरी, गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, की चोणकासारखा मोठा मासा आपल्या पायांनी येत होता. मग कशाला हवी होती काठी? मी मागितली नव्हती. मागायला मी कुणाच्या दारात जात नाही.

गोरा देऊन गेला. आमचं घर एक, चुली दोन, दारं दोन. अर्धं माझं, अर्धं धाकट्या भावाचं, जयरामचं. गोरा हिवाळाभर भाड्यानं राहिला, झोपायला माझ्या खोलीत, सामान जयरामच्या खोलीत. सकाळी नदीवर जायचा, पिसं बांधलेल्या गळानं मासा धरायचा, त्याचा मुका घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा! हे काय झालं सांगा? जेवायला बसायचं, वाढून घ्यायचं आणि ताटाला नमस्कार करून उठायचं? असो. जाताना भेट दिली. काठी मला. रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, दोरी-गळासकट जयरामला. त्याला वाटलं, एका छपराखालचे भाऊ, जोडून वापरतील. त्याला काय माहीत, आम्ही गेल्या चवथीपासून बोलत नाही!

कारण माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो, तिला फळं बांधतो, ती. गणपती दोघांचा एकच. जयरामनं एका टोकाला आपल्या झाडाचं महाळुंग बांधलं, हे एवढं, लिंबाचा आजोबा! मी म्हटलं, माटोळी कलली. तर म्हणतो, "दादा, तुझी मान कललीय." थोरल्या भावाला! गणपतीसमोर! आरतीला मी तोंड उघडलं नाही, त्यानं झांजा वाजवल्या नाहीत. संपलं.

आता काठी भिंतीच्या अलीकडे, रीळ पलीकडे. भिंत मातीची. दुपारी मी जरा आडवा झालो की पलीकडून... कर्र... कर्र... रीळ फिरवतो! मुद्दाम! शेवंती म्हणाली, "अहो, मागा की. सख्खा भाऊ तुमचा." बायको आहे, बोलणारच. मी म्हटलं, विकत आणीन, पण मागायला मी कुणाच्या दारात जात नाही.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. बसमध्ये काठीचा शेंडा ड्रायव्हरच्या कानात, मूठ मागच्या बाईच्या पिशवीत. कंडक्टर म्हणतो, "काका, काठीचं अर्धं तिकीट काढा." तिचे चार तुकडे सुटतात, हे मला नंतर कळलं. गोऱ्यानं सांगायला नको?

दुकानदार पोरगेला, ओंकार नाव. म्हटलं, हिला रीळ दे. तो काठी उलटीसुलटी करून म्हणतो, "काका, ही फ्लायची काठी. हिला कसलंही रीळ चालत नाही."

"का? दोरी गुंडाळतं ना?"

"गुंडाळतं. पण फ्लाय म्हणजे पिसाचा गळ, त्याला वजन नाही. वजन दोरीला. दोरी जाड, ती मावेल असं रीळ हवं. बघा, काठीवर आठ लिहिलंय. आठची काठी, आठची दोरी, आठचं रीळ."

पत्रिका जुळवतो की मासे धरतो?

"आणि तोल जमला पाहिजे," हा थांबतच नाही. "मूठ धरता तिथं एका बोटावर काठी ठेवायची. रीळ हलकं तर शेंडा खाली, जड तर मूठ खाली. आडवी राहिली की जोडी जमली."

त्याच्याकडे एक पाचचं, एक बाराचं. पाचचं लावलं, शेंडा फरशीला. बाराचं लावलं, मूठ माझ्या पायावर. "आठचं मागवावं लागेल, काका. किती वजनाचं हवं ते बघून सांगा."

घरी आलो. मुठीला कांदा बांधला, शेंडा खाली. नारळ बांधला, मूठ खाली. शेवंती दारात उभी. "अहो, काठीची ओटी भरताय की काय?" मी लक्ष दिलं नाही. अंगणात एक महाळुंग पडलेलं, लहान, हिरवं. झाड जयरामचं, पण फांदी माझ्या अंगणात. पडलेलं उचललं. मागितलं नाही! मुठीला बांधलं, बोटावर काठी ठेवली... आडवी! हलेना. गेल्या चवथीला सगळा घोळ ज्यानं केला, तेच!

पुढच्या शुक्रवारी महाळुंग घेऊन दुकानात. म्हटलं, एवढं रीळ दे. ओंकार महाळुंगाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "काका, आठचं रीळ असलेले एक काका मधे येऊन गेले. त्यांच्याकडे काठी नाही. म्हटलं, कुणाकडे तरी मागून बघा. तर म्हणाले, मागायला मी कुणाच्या दारात जात नाही."

माझं वाक्य! भिंतीतून ऐकून चोरलं!

"नंबर आहे त्यांचा," म्हणाला आणि मी नको म्हणेपर्यंत लावला.

"कोण?" फोनमधून जयराम.

"काका, इथं आठची काठीवाले एक काका आलेत."

"दिसतात कसे?"

"उंच. रागीट. हातात महाळुंग."

मग म्हणतो, "कुठल्या झाडाचं ते विचार."

मी म्हटलं, "ओंकार, सांग त्याला, पडलेलं होतं."

"विचार, कुणाच्या फांदीवरनं पडलं."

"सांग, फांदी माझ्या अंगणात आलीय."

"काका," ओंकार म्हणाला, "स्पीकर चालू आहे. तुम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय."

माहीत आहे! मी ओंकारशी बोलत होतो!

शेवटी ओंकारनंच ठरवलं. रविवारी सकाळी, पुलाखाली. नदी कुणाचं दार नाही. मी काठी नेली, जयरामनं रीळ आणलं. बोललो नाही. रीळ बसवलं, बोटावर ठेवलं. आडवी! जयरामनं माझ्या मानेकडे बघितलं. मान सरळ होती.

आता फेकणार कोण? काठी माझी. पण हा रिळावरचा हात सोडेना! एका मुठीला दोघे चिकटलेले, धाकू पेला घेऊन बाहेर. मी काठी मागे नेली, पुढे मारली, दोरी गेली, फिरली, आली... आणि पिसांचा गळ जयरामच्या सदऱ्यात, बरोबर पाठीवर.

"दादा, काढ!"

आधी तो बोलला. हे ध्यानात ठेवा.

गळ निघेना. सदरा नवा, फाडू देईना. दोरी कापू का म्हटलं, तर दोरी रिळाची, म्हणजे त्याची, कापू देईना. मग काय? तसेच घरी निघालो. तो पुढे, पाठीला गळ, मागे मी काठी धरून, मधे दोरी. धाकू सगळ्या वाड्याला ऐकवतोय, "मधुबाबला गावला! मोठा आहे! ढील द्या, ढील द्या!"

शेवंती दारात. "काय गावलं?"

म्हटलं, "जयराम."

तिनं कात्रीच्या टोकानं गळ सोडवला, हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "आता आलाय तर जेवून जाऊ दे. बांगडे आहेत. पण हुमणाच्या रश्शाला नारळ नाही. अहो, तेवढा पलीकडे सत्यवतीकडे मागून आणा."

सत्यवती जयरामची बायको. जयराम माझ्याकडे बघतोय. शेवंती बघतेय. मी काय करणार?

तुम्हाला सांगतो, मागायला मी कुणाच्या दारात जात नाही.

परसदारानं गेलो.