बटणावरचा हात

मी सुनंदा. माहेर मूळचं मालवणकडचं, पण जन्म घाटकोपरचा, डोंगरावरच्या चाळीतला. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि मी लहानपणापासून तोंडाळ, म्हणजे नळावर कोणी मध्येच बादली घुसवली की भांडायला मीच पुढे. आई म्हणायची, बाय गो, तुझ्या तोंडाक जरा कुलूप घाल. आता बघा, नोकरी तोंडाचीच लागली. पोलिसात भरती झाले आणि त्यांनी मला वायरलेसवर बसवलं, चौदा वर्षं झाली, कानाला हेडफोन आणि समोर माइक. कुठली कंट्रोलरूम ते सांगत नाही, तुम्हीही लिहू नका.

आधी सेटचं सांगते, ते कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. वॉकीटॉकी म्हणजे फोन नव्हे. सगळ्या भागाला मिळून चॅनल एक. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं, तेवढ्यात दुसरा कितीही ओरडला तरी ते पोचत नाही, माझंसुद्धा नाही. म्हणून दोन वाक्यांत कामाचं बोलायचं आणि बोट उचलायचं. एवढं सोपं आहे हो. पण आमची माणसं म्हणजे, एक विचारतो डबा आला का रे, दुसरा सांगतो खारदांड्याला जातोयस तर बांगडे बघ, बोंबील नको, बायको साफ करत नाही. आणि रवाना झालो, रवाना झालो म्हणून सांगणारे टपरीवर उभे असतात, मला मागे ग्लास विसळल्याचा आवाज येतो ना. मी सुनावते. चॅनल मोकळा ठेवा, चॅनल मोकळा ठेवा, दिवसातून पन्नास वेळा, घसा बसतो. म्हणून त्यांनी माझं नाव कटकट ठेवलं. ठेवा म्हटलं.

त्यांच्यात एक नाना हवालदार. वाईट माणूस नाही, खोटं का बोलू, मी नवीन असताना सेटवर कसं बोलायचं ते त्यांनीच शिकवलं. पण वय वाढलं तसा कंटाळा. सेट पट्ट्याला लावायचा तर गाडीत सीट आणि हँडब्रेकच्या फटीत खुपसून बसायचे. किती वेळा बोलले मी, नाना, बटण दाबलं जातं. हो हो बोलायचे.

देवीचं विसर्जन होतं त्या दिवशी, दुपारचे साडेतीन झाले असतील. साकीनाक्याच्या बाजूला गाळ्यांची एक चिंचोळी गल्ली आहे, तिथून एकामागे एक मंडळांचे ट्रक सोडत होते. गल्लीच्या मध्यावर प्रतिभाची ड्युटी. प्रतिभा माझ्या बॅचची, मुलुंडला राहते, तिचे आईवडील बीडकडचे, अशी कामाची बाई शोधून सापडणार नाही. एवढ्या गर्दीत मोबाईलला रेंज नाही, हातात फक्त सेट. आणि नेमके तेव्हाच नाना चॅनलवर सुरू झाले. मुद्दाम नाही, बटण दाबलं गेलेलं. गाडी त्यांची लांब, मोकळ्या रस्त्याला, आणि सगळ्या भागाला ऐकू येतंय काय, तर नाना ड्रायव्हरला विचारतायत की रिटायर झाल्यावर गावच्या घराला कौलं घालू की स्लॅब टाकू. कौलं थंड असतात, पण माकडं राहू देत नाहीत म्हणे. दहा मिनिटं हो. दहा मिनिटं आख्खा भाग माकडं ऐकतोय आणि कोणाला कोणाशी बोलता येत नाही.

मी नानांना मोबाईल लावला. आणि काय सांगू तुम्हाला, त्यांचा फोन वाजताना मला माझ्याच हेडफोनमध्ये ऐकू आला. ड्रायव्हर बोलला, कंट्रोलचा वाटतं. नाना बोलले, ती कटकट असेल, जाऊ दे. आणि कापला. परत लावला, परत कापला. परत माकडं.

मग गाडी खड्ड्यात आदळली असणार, कारण धाडकन आवाज आला आणि बटण सुटलं, आणि तेवढ्या फटीत प्रतिभाचा आवाज आला. मागचा ट्रक थांबवा, बाई पडलीय. एवढंच. की बटण परत दाबलं गेलं, परत कौलं सुरू. मी घड्याळ बघितलं, लॉगबुकात वेळ टाकली, शब्द टाकले आणि दुसऱ्या हाताने जवळच्या चौकीचा लँडलाइन फिरवला. तिथून एकजण धावत सुटला, पण तो पोचेपर्यंत ट्रक आत शिरला होता. प्रतिभाने पडलेल्या बाईला ओढून बाजूला काढलं, तिचा स्वतःचा पाय राहिला. चाक घोट्यावरून गेलं.

आता चौकशीत काय निघालं ऐका. प्रतिभाने मेसेज दिलाच नाही. माकडांना कंटाळून बाकीच्यांनी सेटचे आवाज बारीक केलेले, माझं लॉगबुक कोणी मागितलंच नाही. कोणी ऐकला नाही, मग दिला कशावरून? घाबरली असेल, बटण नीट दाबलं नसेल, स्वतःच्या हलगर्जीपणाने चाकाखाली गेली. मी हॉस्पिटलात गेले तर ती मलाच विचारते, सुनंदा, मी बटण दाबलं होतं ना गं? आता माझं मलाच खरं वाटेनासं झालंय, बोलली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

साहेबांनी मला बोलावलं, समजावणीच्या सुरात बोलले, तू ऐकलं असं जबाबात दिलंस तर पहिला प्रश्न तुलाच येईल, ऐकलंस तर ट्रक का नाही थांबला. त्यापेक्षा प्रतिभाचा सेट नादुरुस्त होता, काही ऐकू आलं नाही म्हण, सगळे सुटतात. सगळे म्हणजे कोण हो साहेब, मी बोलले, प्रतिभा सुटते का त्यात? ते कागद चाळायला लागले.

मग नाना घरी आले. चहा केला, प्यायले नाहीत. बोलले, पोरी, सहा महिने उरलेत माझे. सेटवर बोलायला तुला मी शिकवलं. मी बोलले, हो नाना, आणि ऐकलं ते तसंच्या तसं लिहायचं, हेही तुम्हीच शिकवलं. ते उठून गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगते.

जबाब दिला. ऐकलं ते सगळं, माकडांसकट, लॉगबुकाचं पान जोडून. मला मेमो आला, पर्यायी साधनांचा वेळीच वापर का केला नाही. नानांना समज मिळाली, आणि सहा महिन्यांनी हार, शाल, नारळ. घ्या. पण प्रतिभाच्या कागदावर आलं, संदेश दिला होता, कर्तव्य बजावताना जखमी. मी त्याची झेरॉक्स घेऊन मुलुंडला गेले. तिने तीनदा वाचली, बोलली, म्हणजे कोणीतरी ऐकलं होतं. आणि मग जी रडायला लागली.

आता ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर असते, पायात रॉड आहे, हलकी ड्युटी. माणसं सुधारली का विचाराल तर नाव नको. परवा एकजण मोबाईलवर गाणं लावून सेटसमोर धरत होता, बाकीचे खिदळत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रतिभाने माइक ओढला. त्याने बटण सोडल्यासोडल्या बोलली, कंट्रोल. बटणावरचा हात काढा. कोणीतरी बोलत असेल. आवाज चढवला नाही, काही नाही. चॅनल चिडीचूप. आणि मढच्या चौकीकडून एक बारीक आवाज आला, नवीन लागलेली पोरगी होती, कंट्रोल, मी कधीची बोलतेय.

प्रतिभाने पेन उचललं. बोल गं, ऐकतेय मी.