पालितबाबूंचा शब्द

बेहाल्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर तान्ह्या मुलासारखा अ‍ॅम्प्लिफायर. मी कान दुसरीकडे वळवले, पण ते परत आले.

“अहो, संध्याकाळी मंडळात आपल्या शकुनचं पहिलं गाणं, आणि हा नुसता घूंऽऽ करतोय.”

“पालितबाबूंनी स्वतःच्या हातांनी बनवलाय, कालिंदी. तेच बरा करतील. सकाळी फोन केला होता.”

“काय म्हणाले?”

“‘शब्द होच्छे?’ विचारलं. मी खरं ते सांगितलं, शब्द एकही नाही.”

“अहो, बंगालीत शब्द म्हणजे आवाज. आवाज होतोय का, असं विचारत होते. त्यांना वाटलं असेल, बंदच पडलाय.”

“तरीच नवा फ्यूज काढून ठेवतो म्हणाले.”

“संध्याकाळपर्यंत होईल ना पण?”

“तसा शब्द दिलाय त्यांनी.”

“मराठीतला की बंगालीतला?”